नळी डबल म्हणजे स्पीड डबल? फोम डार्टच्या ब्लास्टरमधला दाबाचा हिशोब

परवा भाच्याने एक रील पाठवली, फोम डार्टच्या ब्लास्टरला, म्हणजे फोमचे मऊ बाण मारणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकीला, अर्धा मीटर पाइप जोडलाय आणि वर लिहिलंय, नळी डबल, स्पीड डबल. हे साफ चुकीचं आहे, आणि का चुकीचं आहे ते समजून घेण्यात खरी मजा आहे म्हणून लिहितोय.

स्प्रिंगवाल्या ब्लास्टरमध्ये खटका ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते, सिलिंडरमधली हवा दबते आणि डार्टला मागून ढकलते. शाळेतला बॉइलचा नियम, आकारमान कमी तर दाब जास्त. पण हवा तेवढीच आहे, नवीन कुठून येणार नाही. सिलिंडर आतून ३ सेंमी आणि पिस्टनची चाल ६ सेंमी धरा, म्हणजे साधारण ४२ घन सेंमी हवा झाली. नळी आतून १२.७ मिमी, म्हणजे तिच्या तोंडाचं क्षेत्रफळ १.२७ चौरस सेंमी. ४२ भागिले १.२७, आले ३३ सेंमी. एवढ्या लांबीत सगळी दाबलेली हवा पसरून पुन्हा बाहेरच्या दाबाला येते. डार्ट त्याच्याही पुढे नळीतच राहिला तर मागचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि समोरची हवाच त्याला ब्रेक लावते! म्हणजे त्या अर्ध्या मीटरमधला शेवटचा भाग डार्टला नुसता मागे ओढतोय.

आता घर्षण धरू. डार्ट नळीतून सरकवायला १०० ग्रॅम वजन उचलण्याइतका जोर लागतो असं समजा, म्हणजे १ न्यूटन. तो त्या छोट्याशा क्षेत्रफळावर वाटला की जवळजवळ ८ किलोपास्कल होतात. आमचं सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर, इथे हवेचा दाब ९३ किलोपास्कलच्या आसपास, त्यामुळे मागचा दाब १०१ च्या खाली गेला की डार्ट मंदावायला लागतो, ३३ चे ३०-३१ सेंमी झाले. त्यात पिस्टनच्या रिंगमधून गळती, दाबताना गरम झालेली हवा भिंतीला लागून थंड होते ते वेगळंच, त्यामुळे प्रत्यक्षात योग्य लांबी याहूनही कमी निघते.

मग घर्षण शून्यच करावं का? नाही, आणि मला यातला सगळ्यात आवडलेला भाग हाच आहे. डार्ट सैल असेल तर पिस्टन हलायला लागल्या लागल्या थोड्याशाच दाबावर निघून जातो आणि कडेने हवाही गळते. जरा घट्ट असेल तर स्थिर घर्षण त्याला धरून ठेवतं, तेवढ्यात मागे दाब चढतो, आणि एकदा सुटला की चालू घर्षण स्थिर घर्षणापेक्षा कमी असल्यामुळे तो जोरात निघतो. फार घट्ट केलात तर दबलेली हवाच पिस्टनला उलटं ढकलते आणि ऊर्जा वाया. शाळेत शिकवतात घर्षण संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं, मग ७२ मिमीचा लांब डार्ट ३६ मिमीच्या आखूड डार्टपेक्षा जास्त का अडतो? कारण इथे दाबणारं बळ वजनाचं नाही, आवळलेल्या फोमचं आहे, फोम १३ मिमीच्या आसपास आणि नळी १२.७, जितकी लांबी जास्त तितका आवळलेला फोम जास्त. नियम मोडलेला नाही, लंबबळच, म्हणजे भिंतीवर काटकोनात दाबणारं बळच, वाढलंय.

मटेरियलचं म्हणाल तर पितळेची नळी सगळ्यात छान, भिंत अर्ध्या मिलिमीटरपेक्षा पातळ मिळते, आतून गुळगुळीत, पण महाग आणि लगेच चेपते. ॲल्युमिनियम हलकं. आपल्याकडे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी गोष्ट म्हणजे गरम पाण्याचा तो फिक्कट पिवळा अर्धा इंची सीपीव्हीसी पाइप. त्यावर एसडीआर (बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी) ११ किंवा १३.५ छापलेलं असतं, बाहेरून दोन्ही १५.९ मिमी, पण १३.५ ची भिंत पातळ म्हणून आत जागा जास्त. त्यामुळे डार्ट सोबत नेऊन घालून बघा. ११ मध्ये बऱ्याचदा फारच आवळतो. थंड पाण्याचा अर्धा इंची पीव्हीसी खूप सैल, तो नकोच.

पितळेत काही खास शक्ती नसते हेही सांगतो. दाभोलकरांच्या गावात राहून तांब्या-पितळेची कडी घालून सांधे बरे होतात असं ऐकावं लागतं तेव्हा फार वाईट वाटतं. धातूचं काम इथे दोनच गोष्टींचं, आतला व्यास आणि गुळगुळीतपणा.

लांबी शोधायची ती मोजूनच. ५ मीटरवर पत्रा लावा, ब्लास्टरजवळ ठेवलेल्या मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, खटक्याचा आणि पत्र्याचा आवाज यात किती वेळ गेला ते बघा, त्यातून आवाजाला परत यायला लागणारा ०.०१५ सेकंद वजा करा. ०.१२५ सेकंद उरला तर सरासरी वेग सेकंदाला ४० मीटर. या वेगाचा १ ग्रॅमचा डार्ट जवळपास ०.८ जूल ऊर्जा घेऊन जातो, डोळ्याला कायमची इजा करू शकतो, त्यामुळे गॉगल सगळ्यांनीच घालायचा, बघणाऱ्यांनीसुद्धा. ४० सेंमीपासून सुरू करून दरवेळी २ सेंमी कापत जा, कापलेली कड आतून कानस आणि पॉलिश पेपरने साफ करा नाहीतर फोम फाटतो, आणि प्रत्येक लांबीला बरेच शॉट मारून सरासरी काढा. वेग आधी वाढत जाईल, मग उतरायला लागेल. उतरायच्या आधीची लांबी तुमच्या ब्लास्टरची, तेवढा नवा तुकडा कापून बसवा.