रात्रीची तर्री, सकाळचे पोहे

लग्नघरात पंगतीची काळजी सगळे करतात, नाश्त्याची कोणी करत नाही आणि फजिती नेमकी तिथेच होते. दुपारच्या जेवणाला आचारी सकाळपासून हाताशी असतो. मुलाकडची मंडळी मात्र पहाटेच्या गाडीने नागपूर स्टेशनात उतरून साडेसातला मांडवात हजर होतात. शंभर माणसांना आठच्या आत गरम तर्री-पोहे, म्हणजे चण्याचा तिखट रस्सा घातलेले पोहे, द्यायला लागायचं तर काहीतरी रात्रीच उरकून ठेवावं लागणार. काय उरकायचं हे बहुतेक घरांत सोयीने ठरतं. स्टार्च आणि जंतू यांचं मत कोणी विचारत नाही.

आधी पोहे. शंभर प्लेटींना साधारण सहा किलो कोरडे पोहे लागतात. एवढे पोहे सकाळी धुवायचे म्हणजे काम वाटतं, म्हणून "रात्रीच भिजवून ठेवू" असं कुणीतरी सुचवतंच. त्याला तिथेच थांबवावं. पोहे हा मुळात शिजवून वाळवलेला पदार्थ आहे. साळ भिजवून तापवतात, गरम असतानाच चेपतात. त्यातला स्टार्च गिरणीतच शिजलेला असतो, घरी फक्त गेलेलं पाणी परत द्यायचं असतं. जाड पोह्यांनाही त्याला पाच-दहा मिनिटं पुरतात. रात्रभर भिजवून त्यात वाढीव काही मिळत नाही, जातं मात्र बरंच: तळातले पोहे वरच्यांच्या वजनाने चेपून गोळा होतात, आणि ओला, शिजलेला स्टार्च उन्हाळ्याच्या रात्री आठ तास उघडा राहतो.

स्टार्चचं वागणं समजलं की अर्धं नियोजन आपोआप होतं. कच्च्या तांदळात स्टार्चचे कण घट्ट, नीट रचलेले असतात. पाण्यात ६५-७५ अंशांच्या आसपास तापले की ती रचना मोडते, कण पाणी पिऊन फुगतात आणि भात मऊ होतो. निवताना उलटा प्रवास सुरू होतो. स्टार्चमधल्या अमायलोज नावाच्या सरळ साखळ्या काही तासांतच पुन्हा एकमेकींना चिकटून रांगा लावतात, अमायलोपेक्टिन नावाच्या फांद्या फुटलेल्या साखळ्यांना त्यासाठी दिवस लागतात. साखळ्या जवळ आल्या की मधलं पाणी बाजूला सारलं जातं. शिळा भात टणक लागतो तो यामुळे, नुसता वाळल्यामुळे नव्हे. फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ-बातिस्त बुसेंगो यांनी १८५२ मध्ये पावाबाबत हे दाखवून दिलं. पाण्याचा थेंबही बाहेर जाऊ शकणार नाही असा पाव बंद करून ठेवला, तरी तो शिळा झाला. तोच पाव ६० अंशांच्या वर तापवला तर पुन्हा मऊ झाला.

यातली गैरसोयीची गोष्ट अशी की हे टणक होणं फ्रिजच्या तापमानाला, म्हणजे ४ अंशांच्या आसपास, सर्वांत वेगाने होतं. जंतूंपासून वाचवायला फ्रिज हवा, आणि मऊपणासाठी तोच नको. पुन्हा गरम केल्यावर अमायलोपेक्टिनच्या गाठी ६० अंशांच्या आसपास सुटतात. अमायलोजच्या सुटायला पाणी उकळण्याच्या वर, १२० अंशांहून जास्त तापमान लागतं. म्हणून कालचे पोहे कितीही परता, ते कालच्यासारखे होत नाहीत. इंदूरकडे पोह्यांचं पातेलं उकळत्या पाण्याच्या वाफेवर बसवून ठेवतात, त्यामागेही हेच आहे. ६० च्या खाली उतरूच दिलं नाही तर साखळ्यांना रांगा लावायला सवड मिळत नाही, जंतूंना वाढता येत नाही आणि वाफेमुळे पोहे कोरडेही पडत नाहीत. नागपूरच्या लग्नघरांनी ही युक्ती उचलायला काहीच हरकत नाही. तळाला पाण्याचा मोठा गंज (उंच पातेलं), वर पोह्यांचं पातेलं, वर झाकण, बस.

अमेरिकेत गर्दीच्या नाश्त्याला वेगळा तोडगा काढलाय, त्याला तिकडे ब्रेकफास्ट कॅसरोल म्हणतात. शिळ्या पावाचे तुकडे ट्रेमध्ये पसरायचे, त्यावर अंडी आणि दूध फेटून ओतायचं, चीज-भाज्या घालायच्या, ट्रे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा आणि सकाळी उठून भट्टीत सरकवायचा. ताजा पाव यात लगदा होतो. शिळ्याचा स्टार्च पुन्हा घट्ट झालेला असल्याने तो दूध पिऊनही आकार सोडत नाही. आपल्याला फ्रिजमध्ये नकोसा वाटणारा शिळेपणा तिथे कामाला लावलाय. मला त्यात सर्वांत हुशारीची वाटते ती कामाची वाटणी. रात्रीचा ट्रे संपूर्ण कच्चा आणि थंड, सकाळचा संपूर्ण शिजलेला आणि गरम. मधे "शिजवून कोमट ठेवलेला" असा टप्पाच नाही. ट्रेची खोलीही पाचेक सेंटिमीटर, त्यामुळे थंडी आणि उष्णता दोन्ही मध्यापर्यंत लवकर पोहोचतात. अंड्याचा भाग मधोमध ७१ अंशांपर्यंत तापला पाहिजे, असा तिथल्या अन्नसुरक्षेचा दंडक आहे.

आपली अडचण येते तर्रीत, कारण तर्री रात्री करून ठेवायचा मोह फार मोठा असतो.

मोहाला कारणही आहे. मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा, दोन्ही पाण्यापेक्षा तेलात चांगले विरघळतात. म्हणून तर लाल तवंग वर तरंगतो आणि जीभ भाजते. मसाला मुरायला वेळ मिळाला की रस्सा जमून येतो हेही खरं. तेव्हा दोन किलो चणे भिजवून, शिजवून, दहा-बारा किलो तर्री रात्री अकराला उतरवायची, झाकण ठेवायचं आणि गंज मोरीजवळच्या कोपऱ्यात सरकवायचा, ही पद्धत घरोघरी आहे. सकाळी खळखळून उकळली की झालं.

आता त्या गंजात रात्रभर काय चालतं ते बघू. उकळण्याने जंतू मरतात, पण काही जंतूंचे बीजाणू, म्हणजे कठीण कवचातली त्यांची झोपलेली रूपं, मरत नाहीत. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा त्यातला एक. उकळण्याने त्याचे बीजाणू उलट जागे होतात, आणि जागा बळकावणारे बाकीचे जंतू मेलेले असतात. त्याला प्राणवायू नको असतो. उकळताना रश्श्यात विरघळलेली हवा निघून गेलेली असते, आणि वरचा तेलाचा तवंग नवी हवा सहजी आत येऊ देत नाही. हाच तवंग बाष्पीभवनही अडवतो, म्हणजे गंज निवण्याचा सर्वांत मोठा मार्गच बंद होतो. या जंतूला सर्वांत मानवणारं तापमान ४३ ते ४७ अंश. सोयीची परिस्थिती मिळाली तर तो दहा मिनिटांत, कधी त्याहूनही लवकर, दुप्पट होतो. दहा मिनिटांचा हिशेब धरला तर दोन तासांत एकाचे ४,०९६ होतात, आणि तीन तासांत २,६२,१४४. झाकलेला मोठा गंज पन्नासवरून चाळिसावर यायला सहज तेवढा वेळ घेतो.

घट्ट पदार्थाचं तर आणखी अवघड. उष्णता नुसती सरकत बाहेर यायची असेल, तर लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाच सेंटिमीटर थराला जेवढा वेळ लागेल, त्याच्या पंचवीसपट वेळ पंचवीस सेंटिमीटर खोल पातेल्याला. पातळ रस्सा आतल्या आत फिरतो म्हणून जरा लवकर निवतो, पण तळाला बसलेल्या चण्यांचा थर आणि मसालेभाताचं पातेलं या नियमातून सुटत नाहीत.

अमेरिकी नियमावली सांगते की शिजलेलं अन्न ५७ अंशांवरून २१ वर दोन तासांत आणा, पुढच्या चार तासांत ५ वर. नागपुरात मे महिन्यात हा नियम वाचताना हसू येतं. दिवसा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, पहाटेही बरेचदा तिशीच्या आसपास घुटमळतो. २१ अंश घरात कुठे नसतातच, मग गंज आपोआप तिथे येणार कसा? डिसेंबरात पारा दहाच्या आसपास उतरतो, तेव्हा अंगणात उघड्या परातीत पसरलेला पदार्थ भराभर निवतो. पण लग्नाच्या तारखा कढत उन्हाळ्यातही असतातच.

सकाळची उकळी मग किती वाचवते? परफ्रिंजन्सपासून बऱ्यापैकी. तो आपल्या पोटात जिवंत पोहोचला तर तिथे विष तयार करतो, त्यामुळे तर्री मध्यापर्यंत नीट उकळली की धोका बराच उतरतो. नुसती कोमट केली तर नाही. दुसरा गडी बॅसिलस सेरियस. तो भात, पोहे अशा स्टार्चच्या पदार्थांत रमतो आणि त्याच्या काही जाती आपलं विष अन्नातच तयार करून ठेवतात. हे विष तासभर उकळूनही जात नाही. १९७०च्या दशकात ब्रिटनमध्ये चिनी हॉटेलांतल्या फ्राइड राइसने लोकांना उलट्या झाल्या, तेव्हा हा जंतू बदनाम झाला. भात आदल्या दिवशी शिजवून तसाच बाहेर ठेवलेला असायचा, दुसऱ्या दिवशी कढईत परतायचे. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होतात. म्हणजे आठच्या नाश्त्याची फळं ऐन मुहूर्तावर.

तर्रीचं काम म्हणूनच दोन तुकड्यांत करावं. चणे संध्याकाळी भिजवावे. रात्रभरात ते जवळपास आपल्या वजनाएवढं पाणी पितात. मे महिन्यात हे पाणी मध्येच एकदा बदलावं, नाहीतर सकाळपर्यंत फेस येऊन आंबूस वास सुटतो. बोअरचं जड पाणी असेल तर चणे शिजायला रडवतात, कारण त्यातला कॅल्शियम दाण्याच्या पेशींना जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट बांधतो. भिजवतानाच पाण्यात मीठ टाकलं तर सोडियम काही प्रमाणात त्याची जागा घेतो आणि साल मऊ पडते. "मिठाने कडधान्य शिजत नाही" हे ऐकून मोठे झालेल्यांना पटणार नाही, पण करून बघावं. आंबट मात्र आधी घालू नये. चिंच-टमाटर चणे शिजल्यावरच, कारण आम्लात पेक्टिन सहजी विरघळत नाही.

कांदा, खोबरं, लसूण, आलं यांचं वाटण रात्रीच भरपूर तेलात, कडेने तेल सुटेपर्यंत परतून ठेवावं. रंग आणि तिखट तेलात उतरायचं काम तिथेच होतं, त्यामुळे "मुरायला" रात्रभर रस्साच हवा असं नाही. हा मसाला उथळ डब्यात भरून फ्रिजमध्येच गेला पाहिजे. तेलाखालच्या लसणाला बाहेर ठेवणं धोक्याचं आहे. आणि फ्रिजमध्ये बारा किलोच्या गंजाला जागा नसते, दीड किलोच्या डब्याला असते. पहाटे पाचला कुकर लावला की साडेसहाला चणे तयार, मसाला घालून उकळ्या काढल्या की सातला तर्री.

एवढं सांगूनही ज्यांना रात्रीच करायची आहे, त्यांच्यासाठी बर्फाचा हिशेब. दहा किलो तर्री ६० वरून २० अंशांवर आणायला साधारण १,५०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळून त्याचं पाणी वीस अंशांवर येईपर्यंत सुमारे ४२० किलोज्यूल शोषतो. म्हणजे कागदावर साडेतीन-चार किलो, प्रत्यक्षात घराची गरमी धरून पाच-सहा किलो. बर्फ तर्रीत टाकायचा नाही हे सांगायला नको. तर्री दोन-तीन उथळ पातेल्यांत काढायची, ती बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवायची आणि ढवळत राहायचं. ढवळल्याने तवंग मोडतो, मधला गरम भाग कडेला येतो. बर्फ नसेल तर पातेल्याला ओलं फडकं गुंडाळून कूलरसमोर ठेवावं. नागपूरच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत अर्धा लिटर पाणी उडालं की दहा किलो तर्री ६० वरून ३० अंशांवर येण्याइतकी उष्णता निघून जाते. जुलैत हे चालत नाही, दमट हवेत फडकं ओलं ते ओलंच राहतं. निवली की फ्रिज, आणि फ्रिज भरलेला असेल तर हा सगळा खटाटोपच करू नये.

बाकी पदार्थांचं पटकन. उपम्याचा रवा तुपावर रात्रीच भाजून ठेवा, कोरडा आहे, काही होत नाही. आलूबोंड्याचे बटाटे उकडून फ्रिजमध्ये थंड केलेले बरेच, कारण स्टार्च घट्ट झाल्याने सारण चिकट होत नाही. इडलीचं पीठ रात्री बाहेर ठेवलं तरी ते स्वतःच स्वतःला सांभाळतं. ल्युकोनोस्टॉकसारखे जंतू ते आंबवून आम्ल वाढवतात आणि नको त्या जंतूंना डोकं वर काढू देत नाहीत. फक्त मे महिन्यात पाच-सहा तासांतच ते फुलून उतू जायला लागतं, म्हणून रात्री उशिराच वाटावं. डिसेंबरात उलट कणगीत नाहीतर गोधडीत गुंडाळून ठेवावं लागतं.

राहिला वाढण्याचा भाग. शिजलेलं अन्न बाहेर दोन तास, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, हा सर्वसाधारण दंडक. मे महिन्यात नागपूरचा पारा सकाळी नऊलाच तिशी ओलांडून गेलेला असतो. सहा किलो पोह्यांचा एकच डोंगर रचण्यापेक्षा दीड-दीड किलोचे चार घाणे काढावे. कांदा-मिरची चिरून, शेंगदाणे तळून, पोहे मोजून बाजूला ठेवलेले असले की एक घाणा वीस मिनिटांत उतरतो. पहिला घाणा सात चाळीसला, मुलाकडच्यांचे चहाचे कप रिकामे होता होता. चिरलेला सांबार (कोथिंबीर) आणि लिंबू प्लेटवरच, कढईत नाही.