व्यायामातला दम

व्यायाम करताना श्वास कुठल्या ठेक्यात चालतो, त्यावर हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि मज्जासंस्था कशी हलते त्याबद्दलची ही नोंद. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं तालमीत याला सरळ दम म्हणतात, दम लागला, दम टिकला, आणि वस्ताद नव्या पोराला सुरुवातीलाच बजावतात की बैठका मारताना दम कोंडू नको. त्यांचं बरोबरच आहे.

हृदयावर व्हेगस नावाच्या नर्व्हचा ब्रेक असतो. श्वास आत घेताना तो ढिला पडतो, ठोके वाढतात, सोडताना परत लागतो आणि ठोके मंदावतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविगनं १८४७ मध्ये हे नोंदवलं, पण मनगटावर बोटं ठेवून निवांत बसलं तर कुणालाही कळतं, तरुण पोरांत तर फारच स्पष्ट. व्यायाम सुरू झाला की आधी हा ब्रेकच सुटतो, मग मिनिटाला साधारण १०० ठोक्यांच्या पुढं सिम्पॅथेटिक नर्व्हज, म्हणजे हृदयाचा वेग वाढवणाऱ्या नर्व्हज, जोर लावतात. म्हणून बेळगावजवळच्या राजहंसगडाचा चढ चढताना मुद्दाम हळू श्वास घ्यायचा हट्ट करू नये, शरीराला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा असतो. बसल्या जागी मिनिटाला १२ ते २० श्वास आणि ६-८ लिटर हवा पुरते, जोराच्या कामात ४०-५० श्वास आणि १०० लिटरच्या वर हवा लागते.

खरी काळजी आहे ती दम कोंडण्याची. चिकोडीकडं फडात ऊसतोडीवाला मोळी डोक्यावर उचलताना बघा, दात आवळलेले, गळ्याच्या शिरा टरारलेल्या, श्वास बंद. असा दम कोंडून जोर लावण्याला इटलीचा शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्साल्वा (१६६६-१७२३) याचं नाव आहे. छातीत दाब वाढतो, पाठीचा कणा ताठ राहतो म्हणून वजन उचलायला मदत होते हे खरं, पण हृदयाकडं परत येणारं रक्त अडतं, रक्तदाब आधी उसळतो आणि श्वास सोडला की एकदम पडतो, डोळ्यापुढं अंधारी येते ती त्यामुळंच. १९८५ च्या एका अभ्यासात दोन्ही पायांनी भारी वजन ढकलताना एका माणसाचा दाब ४८०/३५० च्या वर गेलेला मोजला होता. बीपीवाल्यांनी हे टाळावंच, बैठकेत खाली जाताना श्वास घ्यायचा, उठताना सोडायचा.

पळताना बऱ्याच जणांचा श्वास आपोआप पावलांशी जुळतो. बेळगावात कॅम्पाच्या रस्त्यावर पहाटे भरतीसाठी पळणाऱ्या पोरांचा आवाज ऐकला तर कळेल, ब्रॅम्बल आणि कॅरियर या संशोधकांनी १९८३ मध्ये यावर लिहिलंय.

व्यायाम थांबल्यावर मात्र लांब श्वास सोडणं कामाला येतं. मिनिटाला साधारण ६ श्वास, सोडायला जास्त वेळ, असं केलं तर व्हेगस परत लवकर जोर धरतो. कुस्ती सुटल्यावर पैलवान हौद्याच्या कडेला लगेच आडवा न होता फेऱ्या मारत दम घेतो, तेही चांगलंच, पाय चालू राहिले की पायातलं रक्त हृदयाकडं परत येतं, चक्कर येत नाही.