राख दाण्याबाहेर, अळी दाण्यात

बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, दाण्याला चिकटलेला पांढरा ठिपका कधी नीट पाहिलाय? ते भुंगेऱ्याचं अंडं. पण ते पांढरंशुभ्र दिसतं तेव्हा अळी त्यात नसतेच. अंड्याच्या बुडातूनच ती दाणा पोखरत आत शिरते आणि कोरलेला भुसा मागच्या टरफलात ढकलते. त्या भुशानं ठिपका पांढरा होतो. आपल्याला ठिपका दिसतो तोवर चोर घरात शिरलेला असतो.

आमच्या यवतमाळकडे कडधान्य ठेवताना राख चोळतात, कडुनिंबाचा पाला घालतात, मुगाला एरंडेलाचा हात लावतात. यात तथ्य आहे. तेलाच्या थरानं अंडी गुदमरतात. पण भुंगेरे शेतातच, वाळत्या शेंगांवर अंडी घालायला लागतात. पोतं घरी येतं ते अळीसकट. उबाऱ्यात साधारण महिनाभरात नवी पिढी बाहेर पडते आणि एकेक मादी शंभराच्या आसपास अंडी घालू शकते. पेरणीसाठी डबा उघडावा तर हाती भोकं पडलेले दाणे आणि पीठ. ज्या घरात पुढच्या हंगामाचं बियाणं त्याच डब्यात असतं, तिथे हे नुकसान फार जिव्हारी लागतं.

म्हणून मला वाटतं, राखणदार दाण्याच्या आतच बसवायला हवा. बरबटीत तसा सापडला होता. नायजेरियातल्या इबादानच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेनं १९७०च्या दशकात बरबटीचे हजारो नमुने तपासले, तेव्हा ‘टीव्हीयू २०२७’ हा नमुना वेगळा निघाला. त्यावर अंडी पडत, अळ्या आत शिरत, पण बऱ्याचशा आतच मरत. त्यातलं साठवणीचं प्रथिन जरा वेगळ्या घडणीचं आहे आणि ते अळीला पचत नाही, असं पुढे लक्षात आलं. दुःखाची गोष्ट अशी की भुंगेऱ्यांचे काही गट या दाण्यावरही तगून राहतात. एकाच कुलपावर भिस्त ठेवता येत नाही.

मुगाचा राखणदार मादागास्करच्या रानमुगात मिळाला. ‘टीसी १९६६’ या नमुन्याची ताकद मुख्यतः एका प्रभावी (एकाच पालकाकडून आलं तरी गुण दाखवणाऱ्या) जनुकात आहे, म्हणजे संकरातून ती शेतातल्या मुगात आणणं तुलनेनं सोपं. तरी रानमुगाबरोबर बारीक दाणा आणि तडकणाऱ्या शेंगाही येतात. त्या गाळायला पुन्हापुन्हा चांगल्या मुगाशीच संकर करावा लागतो. दर पिढीला बाटलीत दाणे आणि भुंगेरे सोडायचे, अंडी मोजायची, मग महिनाभरानं किती भुंगेरे निघाले ते मोजायचं. कष्टाचं, चिकाटीचं काम.

आणि किड्याला मारणारं प्रथिन माणसाच्याही ताटात येणार, हे विसरून चालत नाही. ऑस्ट्रेलियात राजम्याचं एक जनुक वाटाण्यात घातलं होतं. त्यातल्या प्रथिनामुळे अळीला पिष्ट पचेना. वाटाणा वाचला, पण तो खाऊ घातलेल्या उंदरांच्या फुप्फुसांना सूज आली आणि २००५ साली ते काम थांबवलं गेलं. थांबवलं ते योग्यच केलं, असं माझं मत आहे.

आपल्या तुरीचं काय? हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत ऑस्ट्रेलियातल्या एका रानटी तुरीशी संकर करून भुंगेऱ्याला दाद न देणारी झाडं मिळाली आहेत. इथल्या जमिनीला आणि इथल्या वरणाला जुळेल असा वाण त्यातून घडवणं हे पुढचं काम. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ यांनी मिळून उडदाचा ‘टीएयू-१’ घडवला आणि तो महाराष्ट्रभर पसरला. त्यामुळे हे आपल्याकडे होणार नाही, असं मला वाटत नाही.

तोवर घरातली जुनी बरबटी, जुना मूग निवडताना एक बघत जा. अंड्यांचे ठिपके आहेत, पण महिना-दीड महिन्यानंतरही भोक नाही, असे दाणे आढळतात का? एखादा दाणा नशिबानंही वाचतो. पण एकाच वाणाचे मूठभर दाणे दरवर्षी असेच वाचत असतील, तर ते दळू नका, अकोल्याला नेऊन दाखवा.