गेटिअर, एडमंड : प्रकाशने व संदर्भप्रभाव

एडमंड गेटिअर (३१ ऑक्टोबर १९२७ – २३ मार्च २०२१) या अमेरिकन तत्त्वज्ञांची प्रकाशित लेखनसंपदा अत्यल्प आहे. मात्र त्यांच्या एका तीन पानी लेखाचे संदर्भ आजवर हजारोंच्या घरात दिले गेले आहेत. अभ्यासकाचे योगदान लेखांच्या आणि संदर्भोल्लेखांच्या संख्येवरून मोजण्याची पद्धत तत्त्वज्ञानात कुठे अपुरी पडते, हे तपासण्यासाठी याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

बाल्टिमोर येथे जन्मलेल्या गेटिअर यांनी १९६१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली. त्याआधीच, १९५७ पासून, ते डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात शिकवत होते. कायम नियुक्तीचा प्रश्न समोर आला तेव्हा नावावर काही छापलेले असावे म्हणून सहकाऱ्यांनी त्यांना लिहिण्याचा आग्रह केला, अशी आठवण त्यांचे तेथील सहकारी ॲल्विन प्लँटिंगा यांनी सांगितली आहे. त्यातून ‘इज जस्टिफाइड ट्रू बिलीफ नॉलेज?’ हा लेख तयार झाला आणि जून १९६३ मध्ये ‘अ‍ॅनालिसिस’ या नियतकालिकात पृष्ठे १२१ ते १२३ वर प्रसिद्ध झाला. पुढे १९६५ मध्ये जॉन पासमोर यांच्या एका पुस्तकाचे परीक्षण आणि १९६७ मध्ये ए. जे. एअर यांच्या विवेचनावरील एक टिपण एवढेच त्यांचे लेखन छापले गेले.

एखादा विश्वास सत्य असला आणि त्याला पुरेसा आधार असला की त्याला ज्ञान म्हणावे, या व्याख्येला लेखात आव्हान दिले आहे. स्मिथ आणि जोन्स एकाच नोकरीसाठी अर्ज करतात. नोकरी जोन्सलाच मिळणार, असे कंपनीच्या अध्यक्षांनी स्मिथला सांगितले आहे आणि जोन्सच्या खिशातली दहा नाणी स्मिथने स्वतः मोजली आहेत. त्यावरून ‘ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत’ असा निष्कर्ष तो काढतो. प्रत्यक्षात नोकरी स्मिथलाच मिळते आणि त्याच्याही खिशात, त्याला माहीत नसताना, दहाच नाणी असतात. निष्कर्ष सत्य आहे, साधार आहे, तरीही स्मिथला ते ज्ञान होते असे म्हणवत नाही.

त्याच वर्षी मायकल क्लार्क यांनी त्याच नियतकालिकात उत्तर देण्याचा प्रयत्न केला. १९६७ मध्ये ॲल्विन गोल्डमन यांनी ज्ञानाची कारणाधिष्ठित उपपत्ती (विश्वास त्याच्याशी संबंधित वस्तुस्थितीमुळेच निर्माण झालेला असावा, असा सिद्धांत) मांडली, तर १९८३ मध्ये रॉबर्ट शोप यांना तोवरच्या चर्चेचा आढावा घेण्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहावा लागला. व्याख्या दुरुस्त करायची, नवे प्रतिउदाहरण यायचे, पुन्हा दुरुस्ती करायची, असा हा क्रम असल्यामुळे प्रत्येक नवा लेख मूळ लेखाचा संदर्भ देत गेला. प्रभावाची खोली यावरूनही कळते की, गेटिअर यांच्यापूर्वी ही व्याख्या स्पष्टपणे मांडणारे लेखक शोधायला गेले तर फारसे सापडत नाहीत, याकडे प्लँटिंगा यांनीच १९९३ मध्ये लक्ष वेधले. ज्या परंपरेवर आघात केला तिला ठसठशीत रूपही काही अंशी त्या आघातानेच दिले.

भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेल्या एच-निर्देशांकात अभ्यासकाच्या किती लेखांना प्रत्येकी किमान तितकेच संदर्भ मिळाले आहेत, हे पाहिले जाते; उदाहरणार्थ, पाच लेखांना प्रत्येकी किमान पाच संदर्भ असतील तर निर्देशांक किमान पाच होतो. छापील लेखन तीनच असल्याने, मूळ लेखाला कितीही हजार संदर्भ मिळाले तरी गेटिअर यांचा निर्देशांक तीनच्या वर जाऊच शकत नाही. दुसरीकडे, ‘गेटिअर समस्या’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की कित्येक लेखक मूळ लेख तळटीपेत देतच नाहीत. कल्पना सर्वमान्य झाल्यावर तिच्या उगमाचा उल्लेख गळून पडतो, ही प्रक्रिया समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी वर्णिली आहे. त्यामुळे हजारोंचा आकडाही खऱ्या प्रभावापेक्षा कमीच भरतो.

भारतीय प्रमाणशास्त्रात, म्हणजे ज्ञानाच्या साधनांचा विचार करणाऱ्या शास्त्रात, अशी उदाहरणे बरीच आधी आढळतात. आठव्या शतकातील बौद्ध तार्किक धर्मोत्तर यांच्या उदाहरणात मांस भाजण्यासाठी नुकताच अग्नी पेटवलेला असतो आणि धूर अजून निघालेला नसतो. वर जमलेल्या कीटकांच्या थव्याला दुरून धूर समजून कोणी तेथे अग्नी असल्याचे अनुमान करतो आणि अनुमान खरे ठरते. बाराव्या शतकातील श्रीहर्ष यांच्या ‘खंडनखंडखाद्य’ या ग्रंथातील अशाच युक्तिवादांची चर्चा बिमल कृष्ण मतिलाल यांनी १९८६ च्या आपल्या प्रत्यक्षप्रमाणविषयक ग्रंथात केली आणि त्यानंतर गेटिअरविषयक लेखनात या संस्कृत ग्रंथकारांचेही संदर्भ येऊ लागले.

१९६७ पासून निवृत्तीपर्यंत गेटिअर ॲमहर्स्टच्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात होते. प्रकारतर्कशास्त्रात (शक्यता व अनिवार्यता यांच्या तर्कशास्त्रात) प्रतिउदाहरणे रचण्याच्या ज्या रीती त्यांनी तेथे विद्यार्थ्यांना शिकवल्या, त्या त्यांनी स्वतः कधी छापल्या नाहीत.