आवाज वाढवला की अ‍ॅम्प का फाटतो

घरात शास्त्रीय गायनाचं रेकॉर्डिंग लावलंय, अ‍ॅम्प्लिफायर २५ वॅटचा आहे. त्यातले प्रत्यक्षात खर्च किती होत असतील? विचारलं तर लोक दहा-पंधरा सांगतात. सरासरी काढली तर अर्धा वॅटही होत नाही.

हिशोब सोपा आहे. साधारण स्पीकरला १ वॅट दिला की एक मीटरवर सुमारे ८७ डेसिबल आवाज मिळतो. आपण बसतो तीन मीटरवर. तेवढ्या अंतरापायी बंद खोलीत सहाएक डेसिबल जातात, आणि स्पीकर दोन असल्यामुळे तीन परत मिळतात. म्हणजे दोन्हीकडे एकेक वॅट गेला की कानापाशी ८४ डेसिबल. आतल्या खोलीतून कुणी ‘जरा हळू करा’ म्हणणार नाही इतका भरलेला आवाज ८० च्या आसपास असतो, आणि त्याला एका स्पीकरमागे ०.४ वॅट पुरतो.

मग बाकीचे वॅट कशाला? तबल्याला. गाण्याची सरासरी पातळी एक आणि तबल्याच्या ठोक्याचा माथा भलताच उंच. चांगल्या, न दाबलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हा फरक १८ डेसिबल सहज असतो. १८ डेसिबल म्हणजे शक्तीच्या भाषेत ६३ पट, आणि ०.४ गुणिले ६३ म्हणजे २५ वॅट. अ‍ॅम्प बरोबर काठावर येऊन उभा राहिला. आता आपण रंगात आलो आणि आवाज फक्त पाच डेसिबलने चढवला. कानाला ही काही फार मोठी वाढ वाटत नाही, सरासरी खर्चही जेमतेम सव्वा वॅटवर जातो. पण ठोक्याचा माथा आता ८० वॅट मागतो. अ‍ॅम्पकडे ते नाहीत.

नसले की काय होतं ते व्होल्टमध्ये बघायला हवं. ८ ओहमच्या स्पीकरवर २५ वॅट द्यायला अ‍ॅम्पचं आउटपुट शून्याच्या वर २० व्होल्ट आणि खाली २० व्होल्ट असं हलावं लागतं. आतला पॉवर सप्लाय याहून थोडाच मोठा ठेवलेला असतो, कारण जास्त व्होल्ट म्हणजे मोठा ट्रान्सफॉर्मर, मोठं हीटसिंक आणि मोठी किंमत. ८० वॅटना ३६ व्होल्ट लागतात. लाट ३६ ला निघते, विसाच्या थोडं वर जाऊन थांबते, तिथेच आडवी सरकते आणि मग खाली उतरते. विजेच्या लाटा पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर हे चित्र स्पष्ट दिसतं: मेंदीचं कुंपण कातरीने छाटावं तसे लाटांचे माथे सपाट. याला क्लिपिंग म्हणतात.

इथवर बहुतेक लेखांत लिहिलेलं असतं. पण त्या सपाट माथ्यावर नेमकं काय हरवतं याकडे फारसं कुणी बघत नाही, आणि कर्कशपणाचं मूळ तिथे आहे. अ‍ॅम्पमधून गायिका, तानपुरा, पेटी, तबला अशा वेगवेगळ्या लाटा जात नाहीत. सगळ्यांची बेरीज होऊन एकच लाट जाते. डग्ग्याचा घुमारा सेकंदाला शंभराच्या आसपास कंपनांचा, संथ आणि अवाढव्य. त्याच्या पाठीवर तानपुऱ्याची झणकार आणि गळ्याच्या बारीक लहरी बसलेल्या असतात. डग्ग्याने अ‍ॅम्पला छताला टेकवलं की त्या क्षणी पाठीवरचं सगळंच पुसलं जातं. त्या एक-दोन मिलिसेकंदांत तानपुरा नाही, सूर नाही, नुसती सपाट रेघ. लाट खाली आली की सूर परत येतो, खालच्या टोकाला पुन्हा जातो. शंभर कंपनांच्या घुमाऱ्यात हे सेकंदाला दोनशे वेळा होतं. डग्गा स्वतः फारसा बिघडलेला वाटत नाही. चिरफाळ्या होतात त्या सुराच्या.

कातरलेल्या लाटेतून नवे स्वरही जन्माला येतात, मूळ रेकॉर्डिंगमध्ये नसलेले. लाट वर आणि खाली सारखीच छाटली गेली तर मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशा विषम पटींचे उपस्वर तयार होतात. षड्ज धरून चालू. तिप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम, त्याची तक्रार कोण करणार? पाचपट म्हणजे गंधार, जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप ऐकू येतो तोच. सातपटीपासून घोटाळा सुरू होतो. हा स्वर शुद्ध धैवत आणि कोमल निषाद यांच्या मधे कुठेतरी पडतो. नववा रिषभाला जातो, पण अकरावा दोन मध्यमांच्या मधोमध आणि तेरावा दोन धैवतांच्या मधे. पेटीवर हे स्वर सापडणार नाहीत, आणि कुठलाही गवई ते मुद्दाम लावणार नाही.

हे झालं एकट्या षड्जाचं. दोन आवाज एकत्र छाटले गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकू येऊ लागतात. काळी पाच पट्टीत गाणाऱ्या गायिकेचा तार षड्ज ४६६ कंपनांचा असतो. डग्गा तो सेकंदाला दोनशे वेळा कापतोय, म्हणून ४६६ मधून २०० वजा आणि ४६६ मध्ये २०० मिळवून २६६ आणि ६६६ असे दोन उपटसुंभ स्वर आजूबाजूला उभे राहतात. या पट्टीतल्या कुठल्याच स्वरावर ते नेमके बसत नाहीत. शिवाय ते ठोक्याबरोबर येतात आणि ठोका विरला की जातात. त्यामुळे कानाला सूर बिघडल्यापेक्षा काहीतरी फाटल्यासारखं वाटतं.

विषम उपस्वर म्हणजे कर्कश असं सरसकट समीकरण मात्र मला पटत नाही. क्लॅरिनेटच्या खालच्या सुरांत तेच ठळक असतात आणि ती कुणाला बोचत नाही. प्रश्न किती वरचे उपस्वर येतात याचा आहे. मोठा आवाज आपल्या जवळच्या, थोड्या वरच्या आवाजांना झाकून टाकतो. त्यामुळे दुसरा-तिसरा उपस्वर एखाद-दुसरा टक्का आला तरी मूळ सुराच्या सावलीत लपतो. सातवा, नववा, अकरावा त्या सावलीच्या बाहेर पडतात. भरीस भर म्हणजे कान सगळ्यात तिखट असतो तो २,००० ते ५,००० कंपनांच्या पट्ट्यात, आणि त्या तार षड्जाचा सातवा उपस्वर पडतो ३,२६२ वर. बीबीसीतले इंजिनिअर डी. ई. एल. शॉर्टर यांनी १९५० मध्येच सुचवलं होतं की विकृती, म्हणजे मूळ आवाजातला बिघाड, मोजताना वरच्या उपस्वरांना जास्त वजन द्यावं. त्यांच्या सूत्राने दुसऱ्याला एक धरलं तर सातव्याला बारापटीहून जास्त वजन मिळतं. उद्योगाने ते मनावर घेतलं नाही. माहितीपत्रकावर आजही सगळे उपस्वर एकाच टोपलीत घालून ‘एकूण विकृती ०.०५ टक्के’ छापलं जातं.

आता ‘काही’ अ‍ॅम्पच इतके का बोचतात? यात एका फार चांगल्या शोधाचा हात आहे. २ ऑगस्ट १९२७ रोजी बेल लॅब्जमधला हॅरॉल्ड ब्लॅक हा तरुण इंजिनिअर हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर चालला होता. लांब पल्ल्याच्या टेलिफोन तारांवर ओळीने बसवलेले अ‍ॅम्प्लिफायर प्रत्येक टप्प्यावर आवाज थोडा थोडा बिघडवत, आणि त्यावर तो काही वर्षं डोकं घालवत होता. बोटीत त्याला सुचलं ते त्याने हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच खरडलं: बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून परत आत सोडायचा, म्हणजे अ‍ॅम्प आपली चूक आपणच खोडत राहील. हाच निगेटिव्ह फीडबॅक. तो नसता तर ट्रान्झिस्टरचे हाय-फाय अ‍ॅम्प ऐकवले नसते.

पण चूक खोडायला व्होल्ट शिल्लक असावे लागतात. छताला टेकल्यावर फीडबॅकचा हुकूम सुटतो, पाळणारं कुणी नसतं. आउटपुट अजून कमी पडतंय म्हणून तो आतल्या टप्प्यांना आणखी जोरात ढकलतो, तेही टोकाला जाऊन अडकतात, आणि ठोक्याचा माथा सरला तरी काही अ‍ॅम्प क्षणभर वरच चिकटून राहतात. म्हणजे शेवटच्या वॅटपर्यंत काचेसारखा स्वच्छ आवाज आणि पुढच्याच पावलाला कडेलोट. लाटेचा कोपरा जितका धारदार, तितके वरचे उपस्वर जास्त. व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांच्या, अ‍ॅम्पमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरमुळे फार फीडबॅक देता येत नाही. त्याचे कोपरे गोल होतात, विकृती हळूहळू चढते, आणि कानाला आधी सूचना मिळते. व्हॉल्व्हचे भक्त यात काही गूढ आहे असं भासवतात, तसं नाही. तो मोजमापात जास्त चुकतो, पण सावकाश चुकतो.

व्होल्टच संपतात असंही नाही, अँपिअरही संपतात. स्पीकरच्या पाठीवर ८ ओहम लिहिलेलं असतं, पण तो ढोबळ आकडा. बरेच स्पीकर एखाद्या कंपनसंख्येला चार किंवा त्याहूनही खाली घसरतात आणि दुप्पट करंट मागतात. फिनलंडच्या मट्टी ओताला यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की प्रत्यक्ष स्पीकर क्षणभर साध्या ८ ओहमच्या रेझिस्टन्सच्या कित्येक पट करंट ओढू शकतात. अशा वेळी अ‍ॅम्पमधलं संरक्षक सर्किट ही मागणी शॉर्टसर्किट समजतं आणि करंट तोडतं. स्पीकरची कॉइल त्यावर उलटा झटका देते आणि आवाजात कडकड येते. १९७० च्या दशकातले कित्येक ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प यामुळे बदनाम झाले. याच ओतालांनी १९७० मध्ये वेगळाच आरोपी पुढे केला होता: सिग्नल इतक्या झपाट्याने बदलतो की फीडबॅक पोहोचेपर्यंत पहिला टप्पा ओसंडून जातो. त्यावर दशकभर वाद झाला. अ‍ॅम्पचा वेग पुरेसा ठेवला की हा दोष राहत नाही, आणि २५ वॅटसाठी मायक्रोसेकंदाला अडीच व्होल्टचा वेगही हिशोबाने पुरतो. आजच्या अ‍ॅम्पांत तो प्रश्न जवळपास संपलेला आहे.

न संपलेला प्रश्न भिंतीतल्या सॉकेटमध्ये आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सप्लायमधला वीज साठवणारा कंडेन्सर सेकंदाला शंभर वेळा भरतो आणि उतरतो. एरवी फीडबॅक ही लहर दाबून टाकतो, पण क्लिपिंगच्या क्षणी आउटपुट थेट सप्लायलाच चिकटलेलं असतं, त्यामुळे तीच लहर कापलेल्या माथ्यावर उमटते. शिवाय संध्याकाळी व्होल्टेज २३० वरून २०० वर आलं तर साध्या सप्लायच्या २५ वॅटच्या अ‍ॅम्पचे १९ उरतात. दुपारी स्वच्छ वाजलेली तीच तबकडी, त्याच नॉबवर, रात्री फाटते ती अशी.

नॉबचं म्हणाल तर तो सर्वात मोठा थापाड्या. काटा बारावर आहे म्हणजे अर्धी शक्ती, असा समज सगळ्यांचा. जुन्या अ‍ॅम्पांचे इनपुट टेपडेक-ट्यूनरच्या ०.२ व्होल्टच्या आसपासच्या सिग्नलसाठी बनवलेले. सीडी प्लेअर २ व्होल्ट देतो. दसपट सिग्नल आत गेला की बारा वाजायच्या आतच अ‍ॅम्प छताला टेकलेला असतो, आणि पुढचा अर्धा फेरा फक्त फाडण्यासाठी उरतो. त्यात बेसचा नॉब १० डेसिबलने वर केलेला असला तर डग्ग्याला दहापट शक्ती लागते. आवाज बोचायला लागला की लोक ट्रेबल कमी करतात. आधी बेस कमी करून बघावा, सूर मोकळा झालेला लगेच कळतो. बेस उतरवूनही, अगदी हळू आवाजातही बोचत असेल, तर बहुधा रेकॉर्डिंगच छाटलेलं आहे, लगेच अ‍ॅम्पला बोल लावू नये.

खोक्यावरच्या आकड्यांवर तर विसंबूच नये. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये अ‍ॅम्पची शक्ती कशी मोजायची आणि सांगायची याचा नियम केला, कारण तिथेही वाटेल ते आकडे छापले जात होते. आपल्याकडे नव्वदच्या दशकात हातात उचलता येणाऱ्या टेपरेकॉर्डरवर हजार-हजार वॅट ‘पीएमपीओ’ (क्षणभराची कमाल शक्ती) झळकत. त्या आकड्यामागे कुठलंही मानक नव्हतं. आजच्या छोट्या अ‍ॅम्प बोर्डांवरही ‘५० वॅट’ लिहिलेलं असलं तरी खाली बारीक अक्षरात १० टक्के विकृती असते, म्हणजे माथे छाटूनच मोजलेले वॅट. त्याच पैशात ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर मिळाला तर तो घ्यावा. तीन डेसिबलने लागणारी शक्ती निम्मी होते.

लहान अ‍ॅम्पने स्पीकर सुरक्षित राहतो, असं समजून कमी वॅटचा घेणारेही असतात. ट्वीटरच्या, म्हणजे बारीक आवाजांसाठीच्या छोट्या स्पीकरच्या, बाबतीत बरेचदा उलटं घडतं. ट्वीटरची कॉइल केसासारखी बारीक, ती सतत मोजकेच वॅट सोसते. क्लिपिंगमध्ये डग्ग्याचा माथा छाटला जातो, पण दोन माथ्यांच्या मधे झांजा आणि तानपुरा पूर्ण जोराने जातच राहतात. नॉब जितका चढवाल तितका ट्वीटरकडे जाणारा सरासरी भार वाढत जातो, वर छाटणीतून निघालेले उपस्वर आहेतच. दुरुस्तीला आलेल्या अशा स्पीकरचा वूफर, म्हणजे खालच्या आवाजांचा मोठा भाग, ठणठणीत असतो. ट्वीटरवर मीटर लावला की काटा हलत नाही.