यान तारू

यान तारू : पश्चिम आफ्रिकेतील सोकोतो खिलाफतीत (केंद्र सध्याच्या वायव्य नायजेरियात) एकोणिसाव्या शतकात उभी राहिलेली स्त्रियांची धर्मशिक्षण चळवळ. हौसा भाषेत या नावाचा अर्थ ‘एकत्र जमलेल्या’ असा होतो. प्रवर्तक नाना अस्माउ (१७९३–१८६४) ही खिलाफतीचा संस्थापक उस्मान दान फोदिओ याची कन्या.

चळवळीचे संघटित रूप साधारणतः १८३०–४० च्या सुमाराचे मानतात. मूळ विचार त्याआधीचा. बायकांना अज्ञानात ठेवणारे विद्वान त्यांना भांड्यांसारखे वापरतात आणि फुटल्यावर उकिरड्यावर टाकतात, अशी कडक टीका उस्मानने केली होती.

गटाच्या प्रमुख स्त्रीला ‘जाजी’ म्हणत. मूळ अर्थ तांड्याचा म्होरक्या. अस्माउ तिला ‘मल्फा’ ही रुंद काठाची, विणलेली मोठी टोपी देई आणि तीवर तांबडे कापड बांधले जाई. एरवी ही टोपी पुरुषांची. परंतु खिलाफतीने पराभूत केलेल्या गोबिर राज्यात ‘इन्ना’ या मानकरी स्त्रीशीही या टोपीचा संबंध जोडला जातो. अंगात येण्यावर आधारलेल्या बोरी पंथाचे प्रमुखपद या इन्नाकडे असे. मग मल्फा ही बोरीला दिलेली सवलत की त्याच्यावर केलेली मात? अस्माउच्या काव्यातील बोरीविरोध पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. जिंकलेल्या मुलखातील स्त्रियांना नव्या व्यवस्थेत सामावून घेण्यासाठी ओळखीचेच चिन्ह नव्या अर्थाने वापरले गेले असावे.

शिक्षणाचा भर पाठांतरावर होता. अस्माउ फुलानी, हौसा व अरबी या तिन्ही भाषांत रचना करी. पहिल्या दोन अरबी लिपीतच (अजमी) लिहिल्या जात. कुराणातील सूरांची (अध्यायांची) नावे गुंफलेले तिचे काव्य तिन्ही भाषांत उपलब्ध आहे. जाजी अशा रचना मुखोद्गत करून खेड्यांतील घराघरांत शिकवीत. अस्माउकडे शिकण्यासाठी सोकोतोला जाणाऱ्या जथ्यांत मुख्यतः प्रौढ स्त्रिया व लहान मुली असत. मुलेबाळे असलेल्या तरुण स्त्रियांकडे जाजीच जाई. हाऊवा या जाजीवर अस्माउने लिहिलेले शोककाव्य उपलब्ध आहे; सामान्य सदस्यांची नावे मात्र क्वचितच नोंदलेली दिसतात.

अस्माउनंतर तिची बहीण मरियम हिने नेतृत्व केले. १९०३ मध्ये ब्रिटिशांनी सोकोतो जिंकल्यानंतरही ही परंपरा टिकून राहिली. अस्माउच्या समग्र रचना जीन बॉइड व बेव्हर्ली मॅक यांनी १९९७ मध्ये संपादित केल्या. नायजेरियातील मुस्लिम महिला संघटनांचा महासंघ (स्थापना १९८५) तिला आदर्श मानतो.