काळा घोडा

काळा घोडा : दक्षिण मुंबईत फोर्ट भागात महात्मा गांधी मार्गावर असलेला चौक आणि त्याला नाव देणारा अश्वारूढ पुतळा. मूळ पुतळा १९६५ मध्ये हलवण्यात आला. २०१७ पासून जुन्या जागेजवळ स्वार नसलेला घोडा उभा आहे. चौकात कोणाला उभे करावे, याबद्दल मुंबईकरांचे मत कसकसे बदलले ते या एका जागेवरून कळते.

प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे सातवा एडवर्ड) १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता. त्याची आठवण म्हणून सर अल्बर्ट ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याने हा पुतळा स्वखर्चाने करवून घेऊन शहराला दिला. शिल्पकार जोसेफ एडगर बोएम, उभारणी १८७९. पुतळा ब्राँझचा, दिसायला काळा. लोकांनी जागेला नाव दिले ते घोड्याचे. पाठीवर बसलेला राजपुत्र त्या नावात आलाच नाही. कोणत्याही सभेत ठराव न होता पडलेले हे नाव म्हणजे या पुतळ्याबद्दलचे सर्वांत जुने लोकमत मानायला हवे.

मत उघड मांडायची सोय नव्हती, तेव्हा ते रात्री मांडले गेले. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी मुंबईला दिलेल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी डांबर फासले आणि जोड्यांची माळ घातली. देणगीदाराची राजनिष्ठा चबुतऱ्यावर कोरलेली असे. ज्यांना कोणी विचारले नव्हते, त्यांचे उत्तर डांबराने लिहिले गेले.

स्वातंत्र्यानंतर हे चबुतरे फार काळ टिकणार नव्हतेच. गेटवे ऑफ इंडियासमोर २६ जानेवारी १९६१ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. १९६५ मध्ये काळा घोडा भायखळ्याच्या राणीच्या बागेत (आताचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) गेला. मात्र परके ते सगळेच हटवले, असे झाले नाही. १८६४ चे फ्लोरा फाउंटन, त्यावरच्या रोमन देवतेसह, जागेवरच राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांचे स्मारक, मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार, त्याच्या शेजारी उभारले गेले आणि चौकाचे नाव हुतात्मा चौक झाले. जुने न पाडता नव्याला जागा देणारा हा तोडगा मुंबईतील सर्वांत शहाणा म्हणावा लागेल.

पुतळा गेला तरी ‘काळा घोडा’ हे नाव गेले नाही. जागेवर गाड्या उभ्या राहू लागल्या, आणि कला सभोवती वाढली : जहांगीर कलादालन (१९५२), त्याच्या बाहेर पदपथावर चित्रे मांडणारे चित्रकार, १९९९ पासूनचा काळा घोडा कला महोत्सव. ज्या चौकाला पाऊण शतकाहून अधिक काळ राजपुत्राचा पुतळा सांभाळावा लागला, त्याची खरी ओळख या चित्रकारांनी घडवली.

२०१७ मध्ये काळा घोडा असोसिएशनने नवा घोडा बसवला. संकल्पना वास्तुविशारद अल्फाज मिलर यांची, शिल्प श्रीहरी भोसले यांचे, उंची सुमारे २५ फूट. रिकाम्या पाठीने इतिहास पुसला जातो, असा आक्षेप घेता येईल. पण लोकांनी नावातून स्वाराला आधीच उतरवले होते. शिल्पाने ते मान्य केले, एवढेच. मूळ पुतळा, स्वारासकट, आजही भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाच्या आवारात पाहता येतो.